हेल्मीच्या हातचा हेरिंग

समोरच्या माणसाचा हात थरथरताना दिसला, की त्याच्या हातातली वस्तू काढून घ्यायला तुम्ही पुढे होता ना? खरं सांगा. "राहू दे, मी करते" असं गोड बोलून? मीही होते. गेल्या ऑगस्टमध्ये आमच्या धक्क्यावर आम्ही सगळ्यांनी मिळून हेल्मी राउटिओच्या हातातली सुरी जवळजवळ काढून घेतलीच होती. त्यात माझा वाटा काय होता ते मी लपवणार नाही. दुसऱ्याचं उघडं पाडायला मी नेहमी पुढे असते, तेव्हा स्वतःचं झाकून कसं चालेल?

हेल्मी चौऱ्याहत्तर वर्षांची. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कोलंबिया नदी समुद्राला मिळते तिथे, मोठ्या पुलाच्या उत्तरेला, आमचा लाकडी धक्का आहे. धक्क्याच्या टोकाला पत्र्याची टपरी, टपरीत फळी, फळीवर सुरी आणि फळीमागे हेल्मी. एकोणचाळीस वर्षं झाली. सॅमन पकडायला जाणाऱ्यांना ती आमिष देते, म्हणजे खारवून कापलेला हेरिंग, आणि तो लावायचे गळ बांधून देते. धाकटे सगळे तिला 'तॅती' म्हणतात. फिनलंडहून आलेल्या आमच्या आजीआजोबांच्या भाषेत मावशी काय, आत्या काय, एकच शब्द. मी तिच्याहून अकरा वर्षांनी लहान आहे, पण मी नुसतं हेल्मी म्हणते. भांडायला नावच बरं पडतं.

हेरिंग म्हणजे वीतभर लांबीचा चांदीसारखा मासा. तो मेलेला असतो, पण पाण्यात जिवंत दिसला पाहिजे. आणि धडधाकट जिवंत नव्हे, तर जखमी होऊन गिरक्या घेणारा. तेव्हाच सॅमन तोंड उघडतो. त्यासाठी हेरिंगचं डोकं उडवताना काप दोन अंगांनी तिरका द्यावा लागतो, वरून खाली तिरका आणि कडेनेही तिरका. काप सरळ गेला तर मासा ओंडक्यासारखा ओढला जातो. जास्त तिरका गेला तर वेडावाकडा आपटतो आणि दोरीला पीळ पडतो. चूक तांदळाच्या दाण्याएवढी असते. बरोबर कापलेला हेरिंग मात्र पाण्यात असा घट्ट, एका लयीत फिरतो की बघणाऱ्याचा श्वास थांबतो. हेल्मी दिवसाला तीनशे कापायची, ते करताना समोरच्याशी वाद घालायची, आणि फळीकडे तिचं लक्षही नसायचं.

तिच्याकडे येऊन कोणी "दोन डझन दे" म्हणालं तर ती देत नाही. आधी उलटतपासणी.

"बोट कुठे लावणार? पुलाच्या वर की खाली?"

"खाली."

"भरतीला जाणार की ओहोटीला?"

"भरतीला."

"सकाळी काय खाल्लंस?"

नवखा माणूस इथे हसतो. हेल्मी हसत नाही. सॅमनचं नाक आपल्या नाकापेक्षा तिखट. तंबाखू, पेट्रोल, उन्हात लावायचं मलम, यातलं काहीही बोटांना असलं की मासा आमिषाच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही. म्हणून टपरीबाहेर एक बादली आणि लिंबाच्या साबणाची बाटली ठेवलेली असते. हात धुतल्याशिवाय तिच्या आमिषाला बोट लावायचं नाही. आमचा नगराध्यक्ष एकदा तसाच पुढे आला, तर तिने त्याच्या बोटांवर सुरीची मूठ मारली. त्या दिवसापासून माझं तिच्यावर विशेष प्रेम आहे.

मग ती ठरवते. भरती जोरात असेल तर शिसं जड, गळाची दोरी लांब. पाणी गढूळ असेल तर आमिषाच्या पुढे चमकणारी लांबट पट्टी, म्हणजे मासा लांबून बघेल. गळ नेहमी दोन आणि दोन्ही बिनकाट्याचे, म्हणजे टोकाला उलटा दात नसलेले, कारण आमच्याकडे कायदा तसा आहे. जंगली सॅमन लागला तर तो न फाडता सोडता आला पाहिजे; ठेवायचा तो फक्त सरकारी तळ्यात वाढवलेला, ज्याचा शेपटीजवळचा छोटा पर लहानपणीच कापलेला असतो.

पण पाण्याआधी ती माणूस बघते. "तुला दर दहा मिनिटांनी आमिष वर काढून बघायचा धीर नाही," ती तोंडावर सांगते. "तू हेरिंग नेऊ नकोस. आमिषाऐवजी ही पितळी फिरकी घे. हिच्याकडे दुर्लक्ष केलं तरी ही रुसत नाही." लाकडाचे ट्रक चालवून निवृत्त झालेला ड्वेन ऑस्टरवोल्ड, आवाज माझ्याइतकाच मोठा, अकरा वर्षं फिरकीवर होता. बाराव्या वर्षी तिने त्याला पहिल्यांदा हेरिंग दिला, तेव्हा त्याने बायकोला फोन करून सांगितलं.

तर अशी ही हेल्मी. मार्चमध्ये तिला अर्धांगवायूचा झटका आला.

जीव वाचला, जीभ तर दुप्पट वाचली, पण उजवा हात थरथरायला लागला आणि त्याची बोटं बधिर झाली. "सगळं कापसासारखं लागतंय गं," ती म्हणायची. "दाराची कडी धरली तरी कापूस." डॉक्टरने तिचं मीठ बंद केलं, गाडी चालवणं बंद केलं (तेव्हापासून तिचा बाजारहाट माझ्याकडे), आणि बजावलं की दुसरा छोटा झटका गुपचूप येऊ शकतो, आला तर आधी हातात दिसेल.

तिची मुलगी लीना पोर्टलंडला सिटी बस चालवते. पन्नाशीची, शांत बाई. ती आली आणि म्हणाली, "आई, धारदार सुरी आणि असला हात! मला तिकडे बस चालवताना हेच डोळ्यांपुढे येतं. हात परत बिघडला तर टपरी बंद करायची आणि माझ्याकडे यायचं. शब्द दे."

हेल्मीने शब्द दिला. हात पुढे करून, लीनाचा हात दाबून. आणि हेल्मीचा शब्द म्हणजे काय हे धक्क्यावरच्या कावळ्यालाही माहीत आहे.

मग सगळा मे महिना तिने गाजरं कापली. दोन अंगांनी तिरकी. थरथर थांबेना, तेव्हा तिने थरथरीतच कापायला शिकून घेतलं. हात हलतो तो एका ठरावीक ठेक्यात; दोन हेलकाव्यांच्या मधे सुरी टाकायची. मी त्या महिन्यात इतकं गाजराचं सूप प्यायले की आजही गाजर दिसलं की मी रस्ता बदलते. पण एक ऑगस्टला हंगाम लागला, टपरी उघडली आणि पहिला हेरिंग पाण्यात फिरला. ऑस्टरवोल्डने टोपी काढून छातीशी धरली.

दहा दिवस सगळं ठीक चाललं. अकराव्या दिवशी तोच ऑस्टरवोल्ड आला आणि त्याने अर्धा डझन हेरिंग फळीवर ठेवले. फाटलेले, पोटं उघडी पडलेली.

"तॅती, हे फिरत नाहीत. लोळतात. माझा मेहुणा रविवारी सोफ्यावर लोळतो तसे."

"तुला गळ लावता येत नाही आणि दोष तिला?" मी मधे पडले.

"वेर्ना, तुझा भोंगा जरा बंद कर. मी तॅतीशी बोलतोय."

"भोंगा? या भोंग्यामुळे तुझ्या पायाखालचा धक्का अजून जागेवर आहे!"

हे खोटं नाही. दोन वर्षांपूर्वी हा धक्का एका खाजगी बोट-क्लबाला द्यायचं घाटत होतं. मी नववीत शाळा सोडली, पण सार्वजनिक वाचनालयात बसून बंदराचे नियम पानन् पान वाचले आणि सभेत पातेलं वाजवून ते पानन् पान वाचून दाखवले. असो. तो विषय इथे यायलाच हवा, कारण गेल्या जूनमध्ये क्लबवाल्यांनी पुन्हा डोकं वर काढलं आणि त्यांच्या अर्जावर वॉल्टर हॉक्सीने सही केली. गावात खिळ्यापासून दोरखंडापर्यंत सगळं मिळणारं एकमेव दुकान त्याचं. मी त्याच्या दारावर कागद चिकटवला, 'धक्का विकणाऱ्याच्या दारात पाऊल ठेवू नका', आणि जाहीर केलं की वेर्ना टुओमी मेली तरी हॉक्सीच्या दुकानात चढणार नाही.

हेल्मीने तो अर्धा डझन हेरिंग बघितला. मग दुसरा अर्धा डझन कापून दिला. दुसऱ्या दिवशी आणखी तिघे आले. तिसऱ्या दिवशी माणसं यायचीच थांबली, आणि ते जास्त वाईट. लोक दुरून हात करायचे, हवा छान आहे म्हणायचे आणि आमिष पुलापलीकडून आणायचे. तिला वाईट वाटू नये म्हणून डबा जॅकेटखाली लपवून बोटीत चढायचे. मी दोघांना जॅकेटं उघडायला लावली.

मला वाटलं, माल खराब येतोय. हेरिंग जिथून येतो त्या शीतगृहाला मी फोन केला. समोरचा माणूस म्हणाला, "बाई, तोच माल वीस जणांना जातो, कोणाची तक्रार नाही." मी इतका आवाज चढवला की त्याने बहुधा फोन टेबलावर ठेवून कॉफी पिऊन घेतली असावी. मग मी पत्रक काढलं, 'कुजका हेरिंग कोणाच्या माथी?', चाळीस प्रती, आणि धक्क्यावरच्या प्रत्येक खांबाला एकेक लावली.

हेल्मी माझ्याशी वाद घालत नव्हती. मला तेव्हाच कळायला हवं होतं. ती कापायची, गळ लावायची, धक्क्याच्या कडेला वाकून दोरी पाण्यात सोडायची, ओढायची. हेरिंग दोन गिरक्या घ्यायचा आणि मग कडेवर पडून फडफडायचा. ती वर काढायची, काप जवळून बघायची, स्वतःचा हात जवळून बघायची. डाव्या हातात बर्फामुळे कायम जाड रबरी मोजा, उजव्या बोटांना सगळा कापूस. मासा घट्ट आहे की मऊ, हे तिला कुठल्याच हाताने कळत नव्हतं. आणि मार्चपासून ज्याला आपलाच हात परका झालाय, तो दोष दुसरीकडे कशाला शोधेल?

गुरुवारी दुपारी तिने सुरी धुतली, पुसली आणि फडक्यात गुंडाळली.

"वेर्ना, दुसरा झटका येऊन गेला वाटतं."

"काहीतरीच! काल तू मला दोन तास शिव्या घालत होतीस. झटका आलेली बाई इतकं स्पष्ट बोलते?"

"तोंडाला नाही आलेला. हाताला आलाय. लीनाला फोन लाव."

"मी नाही लावणार."

"नको लावू. मला येतो लावता."

आणि तिने लावला. डाव्या हाताच्या मोज्यासकट एकेक आकडा दाबत. फोनवर एवढंच म्हणाली, "लीना, शब्द दिला होता ना. ये." मी टपरीबाहेर जाऊन बादलीला लाथ मारली. लिंबाचा साबण माझ्याच बुटांवर सांडला.

लीना शुक्रवारी आली, घडी केलेले पुठ्ठ्याचे खोके घेऊन. तिचं मन दुखावणारं एक वाक्य मी तयार ठेवलं होतं, पण तिचा चेहरा बघून ते गिळलं. ती जिंकल्यासारखी दिसत नव्हती. आईने कॉफीबरोबर वेलचीचा पाव पुढे ठेवला, तर तो हातात धरून नुसती बसली. मग पिशवीतून एक प्लास्टिकचा साचा काढला. त्यात मासा ठेवायचा आणि फटीतून सुरी फिरवायची, काप आपोआप तिरका.

"आई, जायच्या आधी एकदा यात कापून बघतेस?"

"यात मासा नाही, पाव कापतात," हेल्मी म्हणाली. पण तिने कापला. साच्यात, अगदी मोजून. तो हेरिंगही पाण्यात लोळला.

त्यातच सगळं उत्तर होतं, आणि आम्हा तिघींपैकी एकीलाही दिसलं नाही. लीनाला वाटलं साचा स्वस्तातला, हेल्मीला वाटलं हात इतका गेलाय की साच्यातही चुकतोय, आणि मला शीतगृहाखेरीज काही दिसतच नव्हतं.

शनिवारी सकाळी टपरी आवरायला घेतली. लीना गळांच्या दोऱ्या गुंडाळत होती, मी खोके जुळवत होते आणि मुद्दाम उलटे जुळवत होते. तेवढ्यात ऑस्टरवोल्ड आला. हात आधीच धुतलेले, ओले, आणि हातात छोटी बादली.

"तॅती, रागावू नको. हे हेरिंग आज पहाटे मीच पकडलेत, बंधाऱ्याजवळ. तुझ्या खाऱ्या पाण्यातले नकोत मला, ते फाटतात. पण हे एवढे कापून दे."

"माझा हात गेलाय, ड्वेन. पुलापलीकडे जा."

"गेलो होतो काल. तिथला पोरगा मला म्हणतो, किती डझन. विचारलंही नाही, भरती की ओहोटी!" त्याने बादली फळीवर ठेवली. "लोळू दे नाहीतर बुडू दे. तू कापलेला असला म्हणजे झालं. दुसऱ्याचा लावला तर बायको घरात घेणार नाही."

लीना म्हणाली, "काका, तिला उगीच..."

"पोरी, अकरा वर्षं फिरकी ओढलीय मी. तू मधे बोलू नको."

हेल्मीने फडकं सोडलं. सुरी काढली. हात थरथरत होता, नेहमीसारखाच, त्याच ठेक्यात. दोन हेलकाव्यांच्या मधे सुरी खाली गेली. तिने मागचा गळ शेपटीकडे बाजूला टोचला, पुढचा कापाच्या उंच कडेला, आणि ऑस्टरवोल्डने दोरी धक्क्याच्या कडेने पाण्यात सोडून ओढली.

हेरिंग फिरला.

घट्ट, एका लयीत, चांदीचा नुसता गोल. पाणी हिरवट होतं आणि त्यात तो दिवा लावल्यासारखा दिसत होता. ऑस्टरवोल्ड इकडून तिकडे चालत गेला, तिकडून इकडे आला. फिरतच होता.

 हेल्मीने दुसरा कापला, तिसरा कापला. तिन्ही फिरले. मग तिने आपल्या खाऱ्या पाण्याच्या पिंपातला एक काढला, तीच सुरी, तोच काप. लोळला. पोट उघडलं.

ती पिंपाकडे वळली. हे पाणी ती स्वतः बनवते. विहिरीचं पाणी, खडं मीठ आणि पांढऱ्या कपड्यांना घालतात त्या निळीचे चार थेंब, म्हणजे खवल्यांना चकाकी येते. रात्रभर त्यात राहिला की हेरिंग घट्ट होतो, ताणला तरी फाटत नाही. पूर्वी ती दर वेळी बोट बुडवून चाखायची. मार्चपासून मीठ बंद, म्हणून चाखणंही बंद.

तिने बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"आई! डॉक्टर काय म्हणाले होते?" लीना ओरडली.

हेल्मी थुंकली. माझ्याकडे बघितलं. "वेर्ना. हे मीठ कुठलं?"

बंदराच्या सभेत, वकिलासमोर, एकदा तर पोलिसांच्या गाडीत, कुठेही माझी जीभ अडखळलेली नाही. त्या क्षणी तिच्यावर तीनच शब्द आले.

"मीठ ते मीठ," मी म्हणाले.

"हॉक्सीकडचं आहे का?"

"हॉक्सीकडे मी जाणार नाही हे तुला माहीत आहे. त्याची जुनी पोती दहा तारखेपर्यंत पुरली. नंतरचं मी पुलापलीकडच्या बाजारातून आणलं. चांगलं, बारीक, पांढरंशुभ्र. डब्यात मीच ओतलं. त्यात सांगायचं काय?"

लीना माझ्या गाडीकडे गेली. मागे रिकामी पाकिटं होती. तिने एक उचललं आणि मोठ्याने वाचलं, बसमध्ये पुढचा थांबा सांगतात तशा आवाजात. "जेवणाचं मीठ. आयोडीनयुक्त."

ऑस्टरवोल्डने डोळे मिटून घेतले. "आयोडीन," तो हळूच म्हणाला. "हेरिंगला आयोडीन. वेर्ना, हे तर फिरकीवाल्यांनाही कळतं."

आमच्याकडे रांगणाऱ्या पोराला माहीत असतं की आयोडीनचं मीठ आमिषाला लावत नाहीत. मांस मऊ पडतं आणि वास मारतो, सॅमन तोंड फिरवतो. मलाही माहीत होतं. पण मी ते पाकीट उचललं तेव्हा माझ्या डोक्यात मीठ नव्हतंच, हॉक्सी होता. त्याच्या नाकावर टिच्चून मीठ आणलं, एवढाच आनंद. पाकिटाची मागची बाजू मी वाचली नाही. मी, जी बंदराच्या नियमांतले तळटीपांचे बारीक आकडेही वाचते!

मला वाटलं हेल्मी आता सुरीची मूठ मारणार. मी हात पुढेही केला. पण ती उलट्या ठेवलेल्या बादलीवर मटकन बसली आणि हसायला लागली. खांदे हलवत, डोळे पुसत.

"म्हणजे हात नाही," ती म्हणाली. "लीना, हात नाही गं! मीठ आहे! नुसतं मीठ!"

लीना तिच्यापुढे गुडघे टेकून बसली आणि तिने आईचा तो थरथरता हात दोन्ही हातांत धरला. ती रडत होती की हसत होती मला दिसलं नाही, कारण मी तेव्हा खांबावरची पत्रकं फाडत होते. चाळीसच्या चाळीस. त्यातली वीस ऑस्टरवोल्डने फाडून दिली, आणि प्रत्येक फाडताना मथळा मोठ्याने वाचला.

"आता मीठ," हेल्मी डोळे पुसून म्हणाली. "खडं. हॉक्सीकडचं."

"लीनाला पाठव."

"नाही."

"ड्वेन जाईल."

"तू जायचं, वेर्ना. पायऱ्या चढून, पुढच्या दाराने."

मी गेले. हॉक्सीच्या दारावर माझा कागद तसाच होता. त्याने त्यावर वरून पारदर्शक पट्टी लावली होती, पावसात भिजू नये म्हणून. मी आत गेले तर तो काउंटरमागे पेपर वाचत होता. त्याने चष्म्यावरून बघितलं.

"मेलीस का?"

"काय?"

"मेलीस तरी चढणार नाही म्हणाली होतीस. म्हणून विचारलं."

"तीन पोती खडं मीठ दे आणि तोंड बंद ठेव."

तो उठला. मागे गेला आणि ढकलगाडीवर तीन पोती घेऊन आला. प्रत्येकावर जाड पेनाने लिहिलं होतं: तॅती. धूळ बसली होती त्यावर.

"जूनपासून काढून ठेवलीत," तो म्हणाला. "कोणी न्यायला आलंच नाही. तिच्या घरी टाकून यावं म्हटलं, तर तुझी गाडी कायम दारात. मला पातेलं डोक्यात नको होतं."

 अशा वेळी मी जे करते तेच केलं. "धक्क्याचं भांडण संपलेलं नाही, वॉल्टर. तुझी सही मी विसरलेले नाही."

"विसरू नको. तू नसलीस तर सभेला येतं कोण? मी आणि इतिवृत्त लिहिणारा तो टायपिस्ट." त्याने पोती माझ्या गाडीत टाकली. "तिचा हात कसा आहे?"

"हाताला काही झालेलं नाही," मी म्हणाले, आणि हे वाक्य मी आणखी दोनदा म्हणाले, कारण म्हणायला इतकं बरं वाटत होतं.

त्या दुपारी जुनं पाणी ओतून दिलं. पिंप तीनदा घासलं; ते काम माझ्याकडे आलं, योग्यच होतं. विहिरीचं पाणी, खडं मीठ, निळीचे चार थेंब. हेल्मीने चाखलं नाही, लीनाने तिच्या वतीने चाखलं. हेल्मी तिच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली, "तोंड अजून वाकडं व्हायला हवं. आणखी मूठभर."

रविवारी सकाळी हेरिंग काढले. निळसर, चकाकते. मी एक वाकवून बघितला, परत सरळ झाला. हेल्मीने पहिले बारा कापले आणि लीनाला समोर उभं केलं.

"बोट कुठे लावणार?"

"आई, मी कशाला..."

"बोट कुठे?"

"काकांची बोट. पुलाच्या खाली."

"भरती की ओहोटी?"

लीनाने पाण्याकडे बघितलं. "भरती. आता कुठे लागलीय."

"सकाळी काय खाल्लंस?"

"तुझा पाव."

"वेलची. हात पुन्हा धू."

लीनाने धुतले, कोपरापर्यंत. ऑस्टरवोल्डबरोबर गेली आणि दुपारी परत आली. ऑस्टरवोल्डला एक चांगला मोठा सॅमन मिळाला होता, पर कापलेला. लीनाच्या गळाला काही लागलं नव्हतं, पण तिचा चेहरा असा होता की जणू तिलाच मिळालाय. ती सरळ टपरीत आली आणि तिने आपल्या गळावरचा हेरिंग, गळासकट, आईच्या फळीवर ठेवला.

"दोन तास ओढला मी हा, आई. दर दहा मिनिटांनी वर काढून बघितला. बघ."

पोट शाबूत. काप सुरीने आत्ताच दिल्यासारखा. खवले जागेवर. हेल्मीने डाव्या हाताचा मोजा काढला, फळीमागे उभी असताना अनेक वर्षांत पहिल्यांदा, आणि उघड्या बोटांनी तो हेरिंग दाबून बघितला. बराच वेळ दाबत राहिली.

"घट्ट आहे," ती म्हणाली.

"मग मी संध्याकाळी निघते," लीना म्हणाली. "एकटीच. पण हात खरंच बिघडला तर सांगशील ना?"

"पहिला फोन तुलाच. दुसरा मिठाला."

पुठ्ठ्याचा एक खोका वापरला गेला. त्यात बर्फ घातला आणि ऑस्टरवोल्डच्या सॅमनचा अर्धा भाग लीनाबरोबर पोर्टलंडला गेला. बाकीच्या खोक्यांची घडी मी घातली, या वेळी नीट. सोमवारी टपरीपुढे माणसं उभी होती, जॅकेटं उघडी, हात ओले, आणि प्रत्येकजण जाता येता मला विचारत होता, "वेर्ना, आज जेवणात मीठ कुठलं?" अजून विचारतात. विचारू देत. मी ऐकून घेते, कारण फळीवर सुरीचा आवाज चालू असतो, थांबत, थरथरत, एका ठेक्यात, आणि तो ऐकताना मला राग येतच नाही.

तेव्हा माझं एक ऐका. तुमच्या घरातल्या कोणाच्या हातून सुरी, सुई किंवा गाडीची किल्ली 'आता झेपत नाही' म्हणून काढून घ्यायला उठला असाल, तर दोन मिनिटं खाली बसा. त्याच्या डब्यात मीठ कोणी ओतलं ते आधी शोधा. आणि शोधायला सुरुवात स्वतःच्या गाडीपासून करा.